बर्फ पाहिलेला वसंत

पहिल्या भेटीत याच्याविषयी कुणाचं मत फारसं बरं होत नाही. मोठ्या सभागृहात बसवला तर तिसऱ्या रांगेच्या पुढे आवाज धड पोचत नाही. अंगावर नक्षीकाम नाही, पडदे नाहीत, तारांखाली घोड्या नाहीत. साधारण चार फूट लांबीची, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडे निमुळती होत गेलेली पोकळ लाकडी पेटी. तिच्यावर काळपट किंवा तांबूस रोगण, सात तारा आणि कडेला शिंपल्याच्या तेरा टिकल्या. मेजावर आडवा पडलेला असतो. वाजवणारा समोर बसतो, उजव्या हातानं तार छेडतो, डाव्यानं दाबतो, सरकवतो, आणि नवख्याला वाटत राहतं की अजून काही सुरूच झालेलं नाही. याचं नाव छिन. नावाआधी ‘गू’, म्हणजे ‘जुना’, हे बिरुद विसाव्या शतकात लागलं आणि तो गूछिन झाला. त्याआधीची दोन हजारांहून अधिक वर्षं तो नुसता छिनच होता.

लोक त्याची भाऊबंदांशी गल्लत करतात, हे त्याचं कायमचं दुखणं. चिनी सिनेमात राजवाड्याचं दृश्य आलं की जो खळाळता, लखलखीत तंतुनाद ऐकू येतो तो बहुधा झंगचा. एकवीस तारा, प्रत्येक तारेखाली घोडी आणि मैफल जिंकायची दांडगी हौस. दुसरा नातलग ‘स’, पंचवीस तारांचा, अंगानं थोराड. प्राचीन काळी तो छिनच्या जोडीनं बसायचा. चीनच्या सर्वांत जुन्या कवितासंग्रहातल्या पहिल्याच कवितेत हे दोघे एकत्र येतात, आणि तेव्हापासून नवरा-बायकोचं छान जमलंय हे सांगायचं तर चिनी माणूस या जोडीचं नाव घेतो. पुढे ‘स’ जवळजवळ नाहीसा झाला. छिन टिकला.

असा हा मितभाषी गृहस्थ वसंताच्या बाबतीत मात्र हळवा आहे. त्याच्या पोतडीत ‘यांगछुन’ म्हणजे उन्हाळलेला वसंत आहे, ‘योउछुन’ म्हणजे वसंतातली भटकंती आहे, ‘छुनश्याओ’ म्हणजे वसंतातली पहाट आहे. बसंत आणि बहार ऐकत वाढलेला आपला कान या नावांवरून भलतीच अपेक्षा धरतो: कोकिळा, गुलाल, आमराई, द्रुत तानांची उधळण. यातलं काही मिळत नाही. उत्तर चीनमधल्या वसंताला आधी नद्या गोठवणारा हिवाळा काढावा लागतो, आणि छिनला तो हिवाळा विसरता येत नाही. त्याच्या वसंताच्या अंगावर बर्फ असतंच.

याचं कारण त्याच्या जन्मात शोधावं लागतं. छिनचा वरचा तक्ता पुष्कळदा थोंग झाडाचा, म्हणजे पाउलोनियाचा असतो. जुन्या चिनी पंचांगात वर्षाचे पाच-पाच दिवसांचे बहात्तर तुकडे पाडलेले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला निसर्गातली एक खूण दिलेली आहे. एप्रिलच्या पाच तारखेच्या आसपास छिंगमिंगचा सण येतो, तिथली पहिली खूण अशी: थोंगला फुलं येऊ लागतात. म्हणजे वसंत याच्या रक्तातच आहे. पण झाडाचा छिन व्हायचा तर ते तोडावं, वर्षानुवर्षं वाळवावं लागतं. जुन्या देवळांच्या तुळया मिळाल्या तर कारागीर हरखून जायचे. मग त्या लाकडावर झाडाच्या चिकाच्या रोगणाचे थर चढायचे, हरणाच्या शिंगाची पूड कालवलेले.

काहींचा जन्म याहून खडतर. दुसऱ्या शतकात त्साइ योंग नावाचा एक विद्वान जिवाच्या भीतीनं वू प्रांतात परागंदा झाला होता. तिथे कुणीतरी चुलीत थोंगचं लाकूड घातलं होतं. लाकूड तडतडलं, त्या आवाजावरून त्याला कळलं की हे जळणाचं लाकूड नव्हे, आणि त्यानं ते ओढून काढलं. त्याचा छिन झाला. शेपटीकडचं टोक करपलेलंच राहिलं आणि त्या वाद्याला ‘ज्याओवेइ’, जळक्या शेपटीचा, हेच नाव पडलं. ‘योउछुन’, ती वसंतातली भटकंती, परंपरा याच त्साइ योंगच्या नावावर घालते. चुलीतून लाकूड वाचवणाऱ्या माणसाला वसंतात रमतगमत फिरण्याची धून सुचावी, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

थांग राजवटीत सछ्वानमध्ये लेइ घराण्याचे कारागीर होऊन गेले. लेइ म्हणजे मेघगर्जना. त्यांतला लेइ वेइ थोंगवर अडून बसायचा नाही. त्याची आख्यायिका अशी की वारा आणि बर्फ यांचा कहर चालू असताना तो एकटाच अमेइ डोंगरावर जायचा, भरपूर दारू प्यायचा, अंगावर गवताची इरली-टोपी घालून दाट पाइनच्या रानात शिरायचा आणि वादळात कोणतं झाड लांबवर, अखंड गुंजतं आहे ते ऐकत राहायचा. जे गुंजेल ते तोडायचं. चांगलं लाकूड कोणतं हे त्याला निवांत हवेत कळत नसे. अशा हिमवादळातून निवडलेल्या लाकडाच्या वाद्यांतलं सर्वांत नावाजलेलं, लेइ वेइच्या नावावर असलेलं, ‘छुनलेइ’. वसंतातली मेघगर्जना.

या छुनलेइची कुंडली एखाद्या संस्थानिकाला शोभेल अशी आहे. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला तो सुंग सम्राट हुइझोंगकडे होता. हुइझोंग राज्यकारभारात कच्चा, पण चित्रकलेत आणि अक्षरलेखनात पक्का. त्याच्या वाद्यसंग्रहात छुनलेइचा पहिला नंबर. ११२७ मध्ये उत्तरेच्या जिन लोकांनी राजधानी लुटून सम्राटाला कैद करून नेलं. छुनलेइही जिनांकडे गेला आणि तिथल्या राजसंग्रहातही पहिलाच राहिला. १२०८ मध्ये जिन सम्राट झांगझोंग वारला तेव्हा त्याच्याबरोबर छुनलेइलाही पुरलं. अठरा वर्षं तो थडग्यात होता. मग बाहेर आला. तेराव्या शतकातला संग्राहक आणि लेखक झोउ मी यानं ही हकीकत टिपून ठेवली आहे आणि वर म्हटलं आहे की वाद्यात केसाएवढाही फरक पडला नव्हता. चिनी पंचांगात मार्चच्या सुरुवातीला ‘जिंगझ’ नावाचा कालखंड येतो. पहिल्या मेघगर्जनेनं जमिनीखाली निजलेले किडे जागे होतात, असा त्याचा अर्थ. ज्याचं नाव छुनलेइ, त्यानं अठरा वर्षं जमिनीखाली काढावी आणि मग जागं व्हावं, हे कुणी रचून सांगितलं असतं तर आपण फार झालं म्हटलं असतं. आज हे नाव मिरवणारी एकाहून अधिक जुनी वाद्यं आहेत. खरा कोण, हा वाद जाणकारांवर सोडावा.

छिनच्या स्वभावाचा दुसरा विशेष असा की वसंतात वसंत वाजवण्याची त्याला घाई नाही. ‘लिएझी’ या प्राचीन ग्रंथात वेन नावाच्या शिष्याची गोष्ट आहे. तो घरदार सोडून श्यांग गुरुजींकडे शिकायला गेला. तीन वर्षं झाली, एक धून पुरी होईना. गुरुजी म्हणाले, घरी जा. तो म्हणाला, बोटांची किंवा तारांची अडचण नाही. माझं मन ज्यावर आहे ते अजून आत सापडलेलं नाही, म्हणून हात पुढे टाकत नाही. थोडे दिवस द्या. काही दिवसांनी तो परत आला. तेव्हा वसंत होता. त्यानं शरदाची तार छेडली आणि गार वारा सुटून फळं पिकली. शरद आला तेव्हा त्यानं ‘ज्वे’ स्वराची, वसंताची तार छेडली. ऊबदार वारा हळूहळू घुमू लागला आणि गवताझाडांना फुलं आली. मग भर उन्हाळ्यात त्यानं बर्फ पाडलं आणि हिवाळ्यात ऊन आणून बर्फ वितळवलं.

दीपक रागानं दिवे लागल्याच्या आणि मल्हारानं पाऊस पडल्याच्या कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहेत, त्यामुळे या चमत्काराचं अप्रूप वाटत नाही. अप्रूप वाटतं ते वेळेचं. आपल्याकडे बसंत त्याच्या ऋतूत हक्कानं गायचा. वेननं प्रत्येक ऋतूला तो नसताना बोलावलं. चिनी विचारात पाच स्वर, पाच दिशा, पाच तत्त्वं आणि ऋतू यांची सांगड घातलेली आहे. ज्वे हा पूर्वेचा, लाकडाचा, हिरव्या रंगाचा आणि वसंताचा स्वर. छिनला मुळात पाचच तारा होत्या असं परंपरा मानते, त्यांतली तिसरी ज्वेची. म्हणजे डिसेंबरच्या थंडीतही वसंत त्याच्या अंगावर ताणून बसवलेला असतो. छेडायला वेनसारखा कुणी हवा.

आता जरा जवळ जाऊन हात पाहू. समजा वाजवणाऱ्याची डावी अनामिका दहाव्या टिकलीपाशी तारेवर टेकली आहे. उजव्या हातानं एकदाच तार छेडली. स्वर उमटला. इथून पुढचं सगळं डाव्या हाताचं: बोट तार न सोडता वर सरकतं, पुढचा स्वर येतो, तो आधीच मंद झालेला, तिथून आणखी वर, आणखी मंद, मग थोडंसं मागे येऊन बोट जागच्या जागी हलत राहतं. मींड ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला इतपत ओळखीचं वाटेल. पण छिनचं बोट स्वर विरून गेल्यावरही सरकत राहतं. रेशमी तारेवर बोट घासल्याचा बारीक आवाज तेवढा येतो आणि पुढचा स्वर ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात पुरा करायचा असतो. रेशमाच्या तारा गेल्या शतकात बऱ्याच ठिकाणी जाऊन पोलादावर नायलॉन गुंडाळलेल्या तारा आल्या तेव्हा आवाज वाढला आणि घासल्याचा आवाज कमी झाला. काही जाणत्यांना त्यात तोटाच वाटला.

दुसरा प्रकार हलक्या स्पर्शाचा. टिकलीच्या नेमक्या जागी तारेला नुसतं शिवायचं, दाबायचं नाही, आणि त्याच क्षणी छेडायचं. घंटेसारखा स्वच्छ, अधांतरी स्वर निघतो. मिंग काळातल्या पोथ्यांत हातांच्या मुद्रांची चित्रं असत आणि प्रत्येक मुद्रेशेजारी निसर्गातलं एखादं दृश्य. या हलक्या स्पर्शाशेजारी फुलावर तरंगणारं पांढरं फुलपाखरू. बोट तारेवर हिंदकळत राहण्याच्या एका प्रकाराला पाण्याबरोबर वाहत चाललेल्या गळलेल्या पाकळ्या. दुसऱ्या एका लांबट कंपनाला पावसाची वर्दी देत घुमणारा पारवा. आपल्या पावशासारखाच हाही पाऊस यायच्या आधी बोलतो. म्हणजे धून कोणतीही असो, विषय शरदाचा असो की युद्धाचा, हात अधूनमधून वसंतात वावरत असतात.

गुण सांगितले, आता खोडही सांगायला हवी. हा गृहस्थ शिष्ट आहे. त्याच्या परंपरेत पाच वेळा वाजवू नये असं बजावलेलं आहे: सोसाट्याचा वारा आणि मुसळधार पाऊस असताना, बाजाराच्या गजबजाटात, अरसिकासमोर, नीट बसलेलं नसताना आणि अंगावर नेटका पोशाख नसताना. या शिष्टपणाला एक जुना दाखला कायम दिला जातो, तोही वसंताच्याच नावानं. छू राज्याच्या राजानं कवी सुंग यूला विचारलं, लोक तुझं नाव का घेत नाहीत? सुंग यूनं एक गोष्ट सांगितली. राजधानीत एक गवई आला. त्यानं साधं गावरान गाणं म्हटलं तेव्हा हजारो लोकांनी सूर धरला. थोडं अवघड म्हटलं तेव्हा काहीशे उरले. ‘यांगछुन-बाइश्वे’, म्हणजे उन्हाळलेला वसंत आणि पांढरं बर्फ, हे म्हटलं तेव्हा काही दहा-वीस. तात्पर्य असं की दोष माझा नाही, ऐकणाऱ्यांचा आहे. खप नसलेल्या लेखकानं केलेला हा बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत सुबक खुलासा असावा. पुढे अभिजनांच्या कलेला चीनमध्ये यांगछुन-बाइश्वेच म्हणू लागले, आणि १९४२ साली येनानमध्ये कलावंतांना जनतेकडे वळा असं सांगताना माओलाही हीच जोडी आठवली.

पण या गोष्टीत सुंग यूच्या दुखावलेल्या अभिमानापेक्षा मोलाची वस्तू आहे ती म्हणजे ती जोडी. वसंत आणि बर्फ एकाच दमात. ‘यांगछुन’ आणि ‘बाइश्वे’ या छिनच्या दोन वेगळ्या रचना झाल्या. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाचा सतरावा मुलगा जू छ्वान यानं १४२५ मध्ये ‘शनछी मीपू’ हा ग्रंथ छापला, त्यात दोन्ही आहेत. जू छ्वान एकेकाळी सरहद्दीवर फौज सांभाळणारा राजपुत्र. भावानं सिंहासन बळकावलं आणि याला दक्षिणेत नानछांगला बसवून ठेवलं, जिथे उपद्रव होणार नाही. मग तो छिन, चहा आणि नाटकं यांत रमला. त्याच्या टिपणात ‘यांगछुन’ म्हणजे मंद वाऱ्यात सगळ्या सृष्टीला वसंत कळून चुकणं, आणि ‘बाइश्वे’ म्हणजे बर्फातल्या बांबूंची थंड, निर्मळ किणकिण. सक्तीची विश्रांती भोगणाऱ्या माणसानं हे जपावं, यानंच कदाचित छिनच्या वसंताला तो स्वर मिळाला असेल.

याच ग्रंथात ‘मेइह्वा सान्नोंग’ आहे. मेइ हे जर्दाळूच्या जातकुळीतलं झाड. थंडी सरायच्या आधीच, प्रसंगी बर्फातच फुलतं, म्हणून चिनी कवींनी त्याला डोक्यावर घेतलं. धुनेत त्या हलक्या स्पर्शाच्या स्वरांतली एकच चाल तीन वेळा, तारेवरच्या वेगवेगळ्या जागी येते आणि मधल्या काळात खालचे दाबलेले स्वर वारा घालतात. ही चाल मुळात बासरीची, असं जू छ्वानही सांगतो. चौथ्या शतकात वांग ह्वेइजी नावेत होता. काठावरून ह्वान यी गाडीतून चालला होता. ओळख नव्हती. वांगनं निरोप पाठवला, आपण बासरी छान वाजवता असं ऐकतो. ह्वान यी मोठा सरदार. तरी उतरला, घडीच्या आसनावर बसला, तीन चाली वाजवल्या आणि गाडीत बसून निघून गेला. दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. छिननं ही धून दत्तक घेतली ती उगाच नाही. जुन्या वाद्यांच्या रोगणाला शतकांनी तडे जातात, त्यांतही सापाच्या पोटासारखे तडे, गाईच्या केसांसारखे तडे असे प्रकार आहेत. सर्वांत दुर्मिळ मानतात ते मेइच्या फुलासारखे. म्हातारपणी याच्या अंगावर फुलं उमटतात.

तरुणपणी मात्र यानं एक भानगड केलेली आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात स्मा श्यांगरू हा कफल्लक कवी लिनछ्योंग गावच्या एका धनाढ्याकडे मेजवानीला गेला आणि तिथे छिन वाजवला. घरात नुकतीच विधवा झालेली लेक वनजून दाराआडून ऐकत होती. त्याच रात्री ती त्याच्याबरोबर पळाली. पैसे संपल्यावर दोघांनी परत त्याच गावात येऊन दारूचं दुकान टाकलं; ती गल्ल्यापाशी, तो भांडी घासायला. बापाला तोंड दाखवायला जागा उरली नाही, शेवटी त्यानं पैसा दिला. बाजारात वाजू नये, अरसिकासमोर वाजू नये, असं बजावणारे पुढचे पंडित ही हकीकत सांगताना मात्र खुलतात.

छिनवर सगळ्यांचं सदा प्रेम होतं असंही नाही. नवव्या शतकाच्या आसपास बाय जूयी या कवीनं अडगळीत पडलेल्या छिनवर कविता लिहिली: धूळ बसलेला, आणि झंग-बासरीच्या चाहत्यांना नकोसा. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वीही तो जुनाटच होता. १९५६ मध्ये झा फूशी आणि त्यांचे सहकारी देशभर हिंडून छिनवादकांच्या नोंदी करत होते. त्यांना भेटलेल्यांचा आकडा शंभराच्या आत राहिला. एवढ्या मोठ्या देशात. त्या मोजक्यांपैकी ग्वान पिंगहू १९६७ मध्ये वारले, आणि दहा वर्षांनी त्यांनी वाजवलेली ‘ल्योउश्वेइ’ म्हणजे ‘वाहतं पाणी’ ही धून व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर निघाली. साडेसात मिनिटांहून थोडी अधिक. त्या तबकडीवरचा सर्वांत लांब संगीताचा तुकडा. तिच्यावरच गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. बाजारात वाजायचं नाही म्हणणारा हा शिष्ट आणि आपल्या गाण्याच्या बाबतीत तितक्याच कडक असलेल्या केसरबाई, दोघं एकाच तबकडीवर आहेत. एकमेकांचं ऐकून घ्यायला त्यांना भरपूर वेळ आहे.

२००३ मध्ये युनेस्कोनं छिनच्या कलेला मानवजातीचा वारसा ठरवलं आणि याला चांगले दिवस आले. वर्ग निघाले, कारखान्यात वाद्यं होऊ लागली, ध्वनिवर्धकानं तिसऱ्या रांगेची अडचण सोडवली. एक अडचण सुटलेली नाही आणि सुटू नये. छिनची लिपी मोडक्या चिनी अक्षरांची असते. एकेका जोडाक्षरात डाव्या हाताचं कोणतं बोट, कितव्या टिकलीपाशी, उजव्या हातानं कोणती तार आणि कशी छेडायची, हे सगळं कोंबलेलं. स्वर किती वेळ धरायचा हे मात्र बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नाही. जुनी धून पुन्हा उभी करायची तर वादक एकेक खूण घेऊन बसतो, वाजवतो, खोडतो, पुन्हा वाजवतो. छोट्या धुनेला तीन महिने आणि मोठीला तीन वर्षं, अशी म्हणच आहे. त्यामुळे १४२५ च्या त्याच पानावरून दोन जाणत्यांनी उभा केलेला ‘यांगछुन’ सारखा निघत नाही. एकाचा बर्फातून लवकर बाहेर पडतो, दुसऱ्याचा रेंगाळतो. पोथी दोघांनाही चूक म्हणू शकत नाही, कारण वसंताला किती वेळ द्यायचा हे राजपुत्रानं लिहूनच ठेवलेलं नाही.